हुबेहूब म्हणजे कुणासारखे?

गेल्या १४ एप्रिलला आमच्या जिल्ह्याच्या गावी तरुण चित्रकारांचे एक प्रदर्शन भरले होते. समाजमंदिराच्या भिंतींवर शिसपेन्सिलीने काढलेली भव्य व्यक्तिचित्रे होती. सगळी छायाचित्रांवरून केलेली. येणारा प्रत्येक जण एकच बोलत होता, "हुबेहूब! अगदी फोटोच वाटतो!" मुले सुखावत होती. मला मात्र तो शब्द खटकला. चित्र फोटोसारखे असणे आणि माणसासारखे असणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

हा प्रश्न विचारण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण या बाबतीत मी गुन्हेगार आहे. १९७० नंतरची काही वर्षे मी एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करीत होतो. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, मागून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावर बारीक ठिपके भरायचे. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. जेथे शिसे भरावे तेथे उजेड अडतो आणि छापलेल्या फोटोत ती जागा उजळ होते. सुरकुती जाते, डाग जातो, काळा चेहरा गोरा होतो. लग्नाच्या मुलीचा फोटो असला की मालक म्हणायचे, "जरा उजळ कर." मी करायचो. वस्तीतल्या कितीतरी आयाबहिणींच्या चेहऱ्यावरचे ऊन मी असे पुसून टाकले. तेच फोटो आज घराघरांत फ्रेममध्ये आहेत, आणि नातवंडे त्यांवरून आजीचे चित्र काढीत आहेत. मग हुबेहूब उतरते ती आजी, की माझे रिटचिंग?

कॅमेरा तटस्थ असतो असे मानणाऱ्यांनी आणखी मागे जावे. 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघाला. त्यात या देशातील माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून कॅमेऱ्यापुढे उभी केली आहेत. पुष्कळ चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे आहे. म्हणजे छायाचित्रातही आपण आधी जात म्हणून आलो, माणूस म्हणून फार उशिरा.

आता प्रदर्शनातील दोन चित्रे पाहू. पहिले बाबासाहेबांचे, सहा फूट उंचीचे. हात तयार होता, मेहनत उघड होती. मोठ्या आकाराच्या तसबिरी एकेकाळी राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात लागत. आपल्या सभागृहात आपला माणूस त्या आकाराने उभा राहतो, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु चित्रकाराने समोर ठेवले होते कॅलेंडरवरचे चित्र. गाल चिनीमातीसारखे गुळगुळीत, डोळ्यांखाली एक रेघ नाही. अखेरच्या वर्षांतील छायाचित्रांत बाबासाहेबांच्या हाती काठी आहे, चेहऱ्यावर आजार आणि जागरण आहे. तो थकवा आपल्यासाठी झिजल्याचा आहे. तो पुसून टाकल्यावर देव उरतो. देवाची पूजा करता येते. त्याच्याशी वाद घालता येत नाही, त्याच्याकडून शिकताही येत नाही.

दुसरे चित्र एका मुलाने काढलेले त्याच्या आईचे होते. तिचा एकच फोटो घरात होता, ओळखपत्रासाठी काढलेला, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा. त्यावर त्याने अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन आखले: आडवे ७, उभे ९, एकूण ६३. कागदावर प्रत्येक चौकोन १५ सेंटिमीटरचा केला. चित्र झाले १०५ बाय १३५, म्हणजे तीसपट. फोटोत जेमतेम चार मिलिमीटरचा असलेला डोळा कागदावर बारा सेंटिमीटरचा झाला. त्या चार मिलिमीटरांत काळ्या ठिपक्यापलीकडे काही नव्हते. मग उरलेला डोळा कुठून आणायचा?

या कलेची खरी कसोटी येथे आहे. चौकोन प्रमाण देतात. माणूस देत नाहीत. फोटो संपतो तेथे चित्रकाराला स्वतःजवळचे काही भरावे लागते. ज्याच्याजवळ फक्त चित्रकलेचे पुस्तक आहे, तो पुस्तकातला डोळा, पुस्तकातले नाक भरतो. ते नाक कुणाचे असते हे सांगायला हवे काय? प्रस्थापितांचे सौंदर्यशास्त्र असे गुपचूप आपल्या आईच्या चेहऱ्यावर येऊन बसते. या मुलाने आईला रोज संध्याकाळी समोर बसवले. उन्हात बारीक करून करून पडलेल्या डोळ्यांजवळच्या घड्या त्याने एकेक करून टिपल्या. शिसे दाट लावले की चमकते आणि काळे करडे दिसू लागते; म्हणून गडद जागी त्याने कोळसा वापरला. आईचा काळा रंग त्याने काळाच ठेवला. माझ्या पेन्सिलीने जे पुसले होते, ते त्याच्या पेन्सिलीने परत आणले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार व्हिटफील्ड लव्हेल (जन्म १९५९) जुन्या स्टुडिओ फोटोंतील अनामिक कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष जुन्या लाकडी फळ्यांवर कोळशाने माणसाएवढे काढतात. त्यांची नावे हरवली आहेत, तरी ती माणसे पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहतात. १९७२ साली ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेणाऱ्या दलित पँथरच्या वारसांना हे नाते वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या तरुण चित्रकारांना माझे एवढेच सांगणे आहे: फोटो जरूर घ्या, पण त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची उलटतपासणी करा. तो कुणी काढला, कशासाठी काढला, त्यात काय पुसले, हे विचारा. माणूस हयात असेल तर त्याच्यासमोर बसा. नसेल तर ज्यांनी त्याला पाहिले त्यांच्यासमोर बसा. आपल्या म्हाताऱ्या माणसांचे एकुलते एक फोटो ट्रंकेत विरत चालले आहेत, आणि त्यांना ओळखणारी माणसेही थोडीच उरली आहेत.

त्या आईच्या चित्राखाली मुलाने तिचे पूर्ण नाव लिहिले होते. जात लिहिली नव्हती. प्रदर्शनाला ती स्वतः आली होती. बराच वेळ पाहून म्हणाली, "लई काळी काढलीस रे." मग थोडे थांबून म्हणाली, "पर मीच हाय." माझ्या मते 'हुबेहूब' या शब्दावर पहिला हक्क त्या बाईचा आहे.