पाच चुका, एक पत्ता

लिनक्स सर्व्हरवर परवलीचे शब्द चाचपडत बसणाऱ्यांना अडवण्यासाठी ‘फेल-टू-बॅन’ ही आज्ञावली सर्रास वापरतात. मूळ मांडणीनुसार १० मिनिटांत ५ चुका झाल्या, की ती तो पत्ता १० मिनिटे बंद करते. ती पत्ता मोजते, माणूस मोजत नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

शाळेच्या कक्षात तीस संगणक असले, तरी बाहेरच्या सर्व्हरला बहुधा त्यांचा एकच पत्ता दिसतो. एका शाळेत नवे परवलीचे शब्द वाटले त्याच तासाला सगळा वर्ग अडकला. नोंदीत ‘बॅन’ हा शब्द दिसताच संगणकात रमणाऱ्या एका मुलाला ‘हॅकर’ ठरवून वर्गाबाहेर उभे केले गेले. वास्तविक फेल-टू-बॅनच्या नोंदीत फक्त पत्ता असतो. कोणत्या खात्याच्या नावाने प्रयत्न झाला, हे एसएसएचच्या मूळ नोंदीत पाहावे लागते. आम्ही ती उघडली, तेव्हा पाच वेगळी नावे आणि प्रत्येकापुढे एकेक चूक! त्या मुलाचे नाव त्यांत नव्हतेच.

बरे, खरा चोर तरी सापडतो का? दर १० मिनिटांना चारच प्रयत्न करणारा कधीच पकडला जात नाही. त्याचे दिवसाला ५७६ प्रयत्न होतात. इंग्रजी लहान लिपीतल्या सहा अक्षरांच्या सुमारे ३१ कोटी जुळण्या होतात. एका पत्त्यावरून त्या तपासायला साधारण १,४७० वर्षे लागतील, हजार पत्त्यांवरून दीड वर्षाच्या आत. शिवाय चोर काही ‘एएएएएए’पासून सुरुवात करत नाही. मॉरिस आणि थॉम्पसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३,२८९ पैकी २,८३१ परवलीचे शब्द फार आखूड तरी होते किंवा शब्दकोशासारख्या याद्यांत सापडणारे तरी.

पत्त्याऐवजी खाते मोजावे, असे कोणी सुचवेल. लिनक्सवर ‘पॅम-फेललॉक’ ते करते: मूळ मांडणीत ३ चुका, मग खाते १० मिनिटे बंद. म्हणजे शेजारच्या बाकावरचा खोडकर कोणाचेही खाते बंद पाडू शकतो, तेही परवलीचा शब्द ठाऊक नसताना. शाळेचा पत्ता सवलतीच्या यादीत घातला, तर आतल्या कोणालाच मर्यादा उरत नाही.

फेल-टू-बॅन निरुपयोगी नाही. नोंदींतला गोंगाट ती चांगला कमी करते. दुबळ्या ओळखपद्धतीचा धोका आपण नाहीसा करू शकत नाही, हे तिचे कर्ते स्वतःच सांगतात. दोष आहे तो तिला कुलूप समजणाऱ्यांचा. कुलूप हवे असेल तर प्रत्येकाला सार्वजनिक-खासगी किल्ल्यांची जोडी द्यावी आणि सर्व्हरवर परवलीच्या शब्दाने प्रवेश बंद करावा. एक अडचण मात्र येते. एकाच संगणकात सात-आठ किल्ल्या साठवल्या, तर एसएसएच त्या एकामागून एक पुढे करते आणि सहा नाकारल्या गेल्या की सर्व्हर जोडणी तोडतो. तेव्हा कोणती किल्ली वापरायची, हे सेटिंगमध्ये नमूद करून ठेवावे.