मालमोटारीची उंची आणि कायद्याची दृष्टी

१९६१ चा मोटार परिवहन कामगार अधिनियम हा श्रमिकविषयक कायद्यांतील एक महत्त्वाचा टप्पा होय. चालक, वाहक व क्लीनर यांच्याबरोबरच मालाची चढ-उतार करणाऱ्यालाही त्याने कामगाराच्या व्याख्येत स्थान दिले. कामाचे दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास, विश्रांतिगृह, गणवेश, प्रथमोपचार यांची तरतूद त्याने केली. तथापि ज्या मालमोटारीवर हा कामगार चढतो तिच्या रचनेविषयी अधिनियम मौन बाळगतो. पडलेल्यासाठी त्यात औषधाची पेटी आहे. चढणाऱ्यासाठी पायरी नाही.

या उणिवेचे गांभीर्य नागपुरात विशेष जाणवते. राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ यांच्या संगमावरील हे नगर मालवाहतुकीचे मोठे केंद्र आहे. कळमना बाजारात धान्य, मिरची व संत्री यांची भरणी होते. वाडीच्या गोदामांपुढे गाड्यांची रीघ असते. हौद्यावर चढण्यास पुष्कळदा चाक व फाळक्याची कडी हीच शिडी ठरते. भरणी संपल्यावर गोण्यांच्या थप्पीवर उभे राहून ताडपत्री ओढावी लागते. पावसात तीच निसरडी होते. अशा ठिकाणी पाय घसरला की दोष ‘निष्काळजीपणा’वर ठेवला जातो. वास्तविक तो बहुतांशी रचनेचा दोष असतो.

ब्रिटनमधील २००५ च्या उंचीवरील कामाविषयीच्या नियमांचा क्रम येथे मार्गदर्शक ठरावा: प्रथम उंचीवरील काम टाळावे, ते अटळ असल्यास पडणे रोखावे, आणि अखेरीस पडण्याचा आघात कमी करावा. या क्रमाने पाहता हौद्याच्या उंचीचा ओटा, जमिनीवरूनच ओढता येणारी ताडपत्री, आणि हाताला आधार देणारी पक्की शिडी हे उपाय आधी येतात, शिरस्त्राण त्यानंतर.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली व १९६१ चा अधिनियम तीत विलीन झाला. वस्तूची रचना व निर्मिती करणाऱ्यांवरही संहिता सुरक्षिततेचे कर्तव्य टाकते, ही निःसंशय प्रगती होय. परंतु जुना अधिनियम ५ कामगारांच्या परिवहन संस्थेस लागू होत असे. संहितेने ही मर्यादा १० केली. थोड्या गाड्यांचे मालक ज्या व्यवसायात पुष्कळ आहेत, तेथे हा फरक क्षुल्लक नव्हे. शिवाय गाडीचा सांगाडा कारखान्यात व हौदा अनेकदा निराळ्या कार्यशाळेत तयार होतो. भरणी करणारे हमाल तिसऱ्याच व्यवस्थेखाली असतात. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी अधिनियमाने त्यांची नोंदणी, मजुरी व कल्याण यांची व्यवस्था लावली. गाडीची रचना मात्र त्यांच्या हाती नाही.

तात्पर्य, कर्तव्य वाढले, पण ते कोणाचे हे अस्पष्ट राहिले. हौदा बांधणारा, गाडीचा मालक व ओटा उभारणारी बाजारसंस्था या तिघांची जबाबदारी नियमांत पृथक्पणे नमूद झाल्याखेरीज, आणि अपघातांच्या नोंदीत ‘गाडीवरून पडणे’ हे स्वतंत्र कारण म्हणून लिहिले गेल्याखेरीज, संहितेचा शब्द हौद्यापर्यंत पोहोचणार नाही.