पांडुरंग घरी येतो तेव्हा

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. कादंबरीवर बोलायचा मला काय अधिकार? पण ‘कोसला’ मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा ती वेगळी लागली, म्हणून लिहितो.

भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ सालची. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो. बापाचा पैसा उडवतो, होस्टेलात पुढारपण करतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परत येतो. गोष्ट एवढीच.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तरणा होतो. ‘उदाहरणार्थ’ आन् ‘वगैरे’ करत सगळ्या जगाची टर उडवणारा हा गडी मला लई आवडला. आपल्याला बापापुढं जे बोलता आलं नाही, ते हा बोलतो असं वाटलं.

दुसऱ्यांदा वाचली तेव्हा माझंच पोरगं पुण्याहून नापास होऊन आलं होतं. ऊस विकून फी भरलेली. चार महिने मी त्याच्याशी धड बोललो नाही. तेव्हा पांडुरंगाचा नुसता संताप आला. वाटलं, ह्याला दोन थोबाडीत द्यायला पाहिजे होत्या.

यंदा रात्रीच्या लाईटीला पाणी धरता धरता, मोटारीच्या खोलीत बसून तिसऱ्यांदा वाचली. ह्या वेळी धाकट्या मनीच्या मरणापाशी थांबलो. देवीच्या आजारानं ती पोर जाते आणि पांडुरंगाची सगळी टवाळी गळून पडते. मला वाटतं, तो मोठा होतो तो तिथं. पुण्यात नाही आणि परीक्षेतही नाही.

शेवटी पांडुरंग हरला, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बापाशी त्याचं एकदम गोड होत नाही, नोकरी नाही, नाव नाही. पण गेलेली वर्षं वाया गेली का कमावली, हा हिशोब तो सोडून देतो. हरलेला माणूस तो हिशोब सोडत नसतो, रोज काढून बसतो. मी बसलो होतो, म्हणून सांगतो.

एक तक्रार मात्र आहे. पांडुरंग गावात येतो, पण मातीत येत नाही. राबणाऱ्याच्या घरात असं नुसतं बसून विचार करायला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी खुरपं हातात येतं. आमच्या पोरालाही आलं. त्याचं स्वीकारणं पांडुरंगापेक्षा लवकर झालं, का नुसतं दबलं, हे मी त्याला कधी विचारलंच नाही.

पहाटे मोटार बंद करून घरी आलो. तो गोठ्यात धार काढत होता. पुस्तक त्याच्यापुढं धरलं. म्हणालो, “हे तुझ्याच पेटीतलं. वाचलंस का रे पुरतं?”

तो म्हणाला, “आबा, शेवट राहिलाय.”

“मग वाच,” म्हणालो, आणि बादली मी घेतली.