आइन्स्टाइनचा घनपदार्थ: मोजणी पक्की, वाट कच्ची

मंडळी, आज एका लाडक्या मॉडेलची जरा झाडाझडती घेऊ या. १९०७ साली आइन्स्टाइनने घनपदार्थाचं अगदी साधं चित्र मांडलं. प्रत्येक अणू आपापल्या जागी, एकाच वारंवारतेने, शेजाऱ्याची दखल न घेता कंप पावतो आणि ऊर्जा सुट्या पुंजांतच घेतो. थंड केल्यावर हिऱ्याची विशिष्ट उष्णता का घटते, हे त्यातून उलगडलं.

आज हे मॉडेल एन्ट्रॉपी शिकवायला वापरतात, आणि ते योग्यच आहे. बघा, 'अ' आणि 'ब' असे दोन तुकडे, प्रत्येकात दोन आंदोलक, मिळून चार पुंज. 'अ'कडे शून्य ते चार पुंज असताना एकूण मांडण्या अनुक्रमे ५, ८, ९, ८, ५ होतात. बेरीज ३५. निम्मी-निम्मी वाटणी सर्वांत संभाव्य, पण सगळी ऊर्जा 'अ'कडे असण्याची शक्यताही सातात एक आहे! अणूंची संख्या एकावर तेवीस शून्यांइतकी झाली, की ती नावालाही उरत नाही. एन्ट्रॉपी मोजते ती मांडण्यांची ही संख्या, लॉगॅरिदम घेऊन. 'अव्यवस्था' हा शब्द कुठे लागला का? नाही. ही या मॉडेलची खरी कमाई.

आता माझी तक्रार. अणू एकमेकांची दखलच घेत नसतील, तर पुंज इकडून तिकडे जाणार कसा? अणू सुटे मानले म्हणून मोजणी सोपी झाली. पण त्यामुळेच समतोलाकडे जायची वाट बंद झाली. मग आपण 'थोडी देवाणघेवाण होते असं समजा' म्हणत ती मागच्या दाराने आत आणतो.

१९१२ मध्ये डेबायने अणू एकमेकांना जोडले. अगदी कमी तापमानाला आइन्स्टाइनचे आकडे प्रयोगापेक्षा कमी पडत होते, ते जुळले. पण डेबायच्या लहरीही एकमेकींपासून सुट्याच! पुढे १९५० च्या दशकात लॉस अलामॉसला फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी कणांच्या साखळीत थोडं अरेषीय बल घातलं. संगणकाचं काम मेरी त्सिंगू यांनी केलं. ऊर्जा सगळ्या लहरींत वाटली जाईल अशी अपेक्षा होती. ती जवळजवळ सगळी फिरून पहिल्याच लहरीत परत आली.

तेव्हा हे मॉडेल जरूर शिकवा. फक्त फळ्यावर एवढं लिहून ठेवा: समतोल कुठे आहे ते मोजणी सांगते, पदार्थ तिथे पोचतो का आणि किती वेळात, ते सांगत नाही.