पत्रास कारण की

भिवंडीत ‘हाताचं’ आणि ‘यंत्राचं’ यांतला फरक कायद्याने ठरवलेला आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने कापडाचे काही प्रकार फक्त हातमागासाठी राखून ठेवले. ते यंत्रमागावर विणले तर शिक्षेची तरतूद आहे. २००६ पासून अस्सल हातमागाच्या कापडावर ‘हॅण्डलूम मार्क’ही लावता येतो. म्हणजे कापड हातानं विणलेलं आहे असं म्हणायचं असेल, तर ते दाखवून द्यायची सोय आहे.

भेटकार्डाला असा कायदा नाही. ‘हॅण्डमेड’ लिहिलं की झालं. या शब्दावर आपण इतका विश्वास ठेवतो, की कार्डात हाताने नेमकं काय केलंय हे कुणी विचारतच नाही.

आज इन्स्टाग्रामवर ऑर्डर देऊन जी हॅण्डमेड कार्डं मिळतात, ती बघा. झाकण उचललं की चारही बाजूंनी उलगडणारा डबा. आत छोटे फोटो, कागदाच्या गुंडाळ्यांची फुलं, सॅटिनची रिबन, ओढली की बाहेर येणारी पट्टी. कारागिरी खरी असते. घड्या अचूक असतात, डिंकाचा डाग दिसत नाही. एका कार्डात कुणाची तरी अख्खी संध्याकाळ गेलेली असते. मग आपण आतला मजकूर वाचतो: ‘आई, तू माझं सर्वस्व आहेस.’ ‘तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.’ ‘कायम असाच हसत राहा.’

कागद हाताने कापलाय, पण वाक्यं साच्यातून आलीत.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. एक ठरलेला मजकूर असतो, त्यात नावापुरती रिकामी जागा. यादीतलं प्रत्येक नाव त्या जागेत बसतं आणि दहा हजार लोकांना ‘खास तुमच्यासाठी’ लिहिलेला संदेश जातो. कार्ड तपासायची माझी कसोटी इथूनच आली आहे: कार्डावरचं नाव बदला. ‘आई’च्या जागी दुसऱ्या कुणाची आई ठेवा. मजकूर तरीही चालत असेल, तर ते कार्ड तिच्यासाठी लिहिलेलंच नाही.

खरं तर नाताळकार्डाचा जन्मच वेळ वाचवण्यासाठी झाला. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली आणि पत्रव्यवहार वाढला. ती योजना राबवायला मदत करणाऱ्या हेन्री कोलकडे १८४३ च्या नाताळात उत्तर द्यायच्या पत्रांचा ढीग साचला. त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती छापल्या आणि उरलेल्या एकेका शिलिंगला विकल्या. जगातलं पहिलं व्यापारी नाताळकार्ड ते हेच. त्यावर शुभेच्छा छापलेल्या होत्या. कुणाला आणि कुणाकडून, एवढ्याच जागा हाताने भरायला मोकळ्या होत्या. आपल्या साच्याचा मूळपुरुष तो.

आपल्याकडे पोस्टखात्यालाही हा फरक कळत होता. दिवाळीची छापील कार्डं उघड्या पाकिटातून ‘बुक पोस्ट’ने कमी तिकिटात जायची. आत स्वतःचं पत्र लिहिलं की ते पत्र ठरायचं आणि पत्राचं तिकीट लागायचं. छापील शुभेच्छा स्वस्त, स्वतःची वाक्यं महाग. हा निव्वळ दराचा नियम होता, पण भेटकार्डाबद्दल यापेक्षा नेमकी टीका माझ्या वाचनात आलेली नाही.

साचा म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. मराठी पत्र साच्याशिवाय सुरूच व्हायचं नाही. मोठ्यांना ‘तीर्थरूप’, लहानांना ‘चिरंजीव’, परक्यांना ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’. या ठरलेल्या शब्दांमुळे लिहिणाऱ्याचा संकोच मोडायचा. नंतर यायचं ‘पत्रास कारण की’. इथे साचा संपायचा. आता कारण सांगायलाच हवं: गाय व्याली, मुलगी पास झाली, पैसे पाठवा. आजच्या कार्डात तीर्थरूपही असतं आणि साष्टांग नमस्कारही असतो. फक्त कारण नसतं.

संक्रांतीचं कार्ड आठवा. छोट्या रंगीत पाकिटात चार दाणे हलव्याचे आणि एक छापील कार्ड पोस्टाने दूरच्या नातेवाइकांना जायचं. मजकूर वर्षानुवर्षं तोच: तिळगूळ घ्या, गोड बोला. माझ्या कसोटीवर हे कार्ड सरळ नापास होतं. तरीही ते पोकळ वाटत नाही, कारण ते विशेष काही सांगायचा दावाच करत नाही. वर्षभर अबोला धरलेल्या चुलत भावाला ते पाकीट गेलं, तर पाठवणंच बोलून जायचं. छापील कार्ड छापील म्हणूनच यायचं, हा त्याचा प्रामाणिकपणा.

ईदच्या कार्डांचंही तसंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात विकली जाणारी काही ईदकार्डं मुळात युरोपातली चित्रं असलेली पोस्टकार्डं होती. वर ‘ईद मुबारक’ छापलं की काम झालं. भिवंडीसारख्या गावाचा विचार करा. इथले कितीतरी माग चालवणारे हात उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेले. अशा माणसाचं घरी पोहोचलेलं कार्ड उसन्या चित्राचं असलं, तरी ‘मी आहे, आठवण आहे’ एवढी बातमी त्यात असायची. आज तेवढ्या बातमीसाठी फोन पुरतो. म्हणून आता कार्ड करायचंच, तर त्याने फोनवर बोलता न येणारं काहीतरी सांगायला हवं.

ते आपल्याला जमत नाही, याचं एक कारण शाळेत आहे. कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनीच भेटकार्ड केलंय. कार्डशीटची घडी, घोटीव कागदाची फुलं, वर चमकी. मजकूर फळ्यावर लिहिलेला असायचा, तो अख्खा वर्ग उतरवून घ्यायचा. सजावटीला शाबासकी मिळायची. ‘आत काय लिहिशील?’ हे कुणी विचारलं नाही. हात कशात घालायचा ते आपण तिथेच शिकलो, आणि काय कुणावर सोपवायचं तेही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळ्यांना लिहिता येत नाही; भावना खरी असते, शब्द सापडत नाहीत. मग उसने शब्द घेतले तर बिघडलं कुठे? बिघडत काहीच नाही. पण शब्द सापडत नाहीत तेव्हा आपण बहुतेक वेळा मोठे शब्द शोधत असतो. आईसाठी ममतेचा सागर, बाबांसाठी आभाळ, मित्रासाठी श्वास. आपल्या घरांत एकमेकांना ‘प्रेम आहे’ असं सहसा कुणी म्हणत नाही, त्यामुळे कार्डात एकदम महासागर ओतला जातो. वाचणाऱ्यालाही त्याचं काय करायचं कळत नाही. तो ‘छान आहे गं’ म्हणतो आणि कार्ड कपाटात ठेवतो.

समजा, भिवंडीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीने साध्या वहीच्या कागदावर हे लिहिलं: ‘बाबा, मागांच्या आवाजाने तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून लिहून देते. रात्रपाळीहून आल्यावर तुम्ही कडी हळू उघडता. तुम्हाला वाटतं आवाज होत नाही. होतो. मी जागी होते, आणि मग मला नीट झोप लागते.’

यात एकही मोठा शब्द नाही. नाव बदलून बघा, हे दुसऱ्या कुणाला देताच येणार नाही. हे लिहायला साहित्याची जाण लागत नाही. बाबांच्या घरी येण्याकडे लक्ष असावं लागतं. भेटकार्डात ‘हाताचं’ काही असेल तर ते हेच लक्ष. आता यंत्राला सांगितलं की तेही कडीचं, रात्रपाळीचं वाक्य रचून देईल. पण आपल्या घरातली कडी वाजते की नाही, हे त्याला आपल्याकडूनच कळणार.

विकत घेतलेल्या हस्तकलेला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातली भेटकार्डं मला आवडतात. कुष्ठरोगामुळे समाजाने दूर लोटलेल्या माणसांना बाबा आमट्यांनी हाताला काम दिलं, त्या कामांतलं हे एक. तिथे हात कुणाचा आहे हे स्पष्ट आहे, आणि तो हात आपला असल्याचा बहाणा आपण करत नाही. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हाताने कागद बनवते. सुती चिंध्यांचा लगदा करून बनवलेला असा कागद जाड, किंचित खरबरीत असतो. तो ज्याने केला त्याचं काम पूर्ण झालेलं असतं. आपलं काम त्यावर शाई टेकते तिथून सुरू होतं.

म्हणून पुढच्या वाढदिवसाला रिबन, फोटो, उलगडणारा डबा सगळं मागवा, काही हरकत नाही. फक्त विकणाऱ्याला एक सांगा: आतलं एक पान कोरं ठेव. मग त्या पानापुढे बसून ‘पत्रास कारण की’ मनातल्या मनात म्हणा, आणि पुढचं वाक्य येईपर्यंत उठू नका. खाडाखोड झाली तर होऊ दे.