खोट्या बर्फाचा शृंगार

हॉलमार्क वाहिनीचा नाताळपट कुठेही थांबवा, पडद्यावर लाल आणि हिरवा रंग सापडतोच. दवाखान्यातल्या टेबलावर लाल मेणबत्ती, बँकेच्या काउंटरवर हिरवी फीत, आणि नायिकेला नोकरीवरून काढणारा साहेब ज्या खिडकीपुढे बसलाय त्या खिडकीतसुद्धा दिव्यांनी लगडलेलं झाड. माणूस बेकार होतोय, पण सजावटीत कसर नाही. चोखंदळ प्रेक्षक इथेच नाक मुरडून उठतो. मला या चित्रपटांची चव लागली ती मात्र नेमकी इथेच.

आपल्या रसशास्त्राने शृंगाराची सामग्री फार बारकाईने मांडून ठेवली आहे. ज्यांच्या आधाराने रती उभी राहते ते नायक-नायिका म्हणजे आलंबन विभाव. तिला फुंकर घालणारं चांदणं, वसंत, कोकिळेचा सूर म्हणजे उद्दीपन विभाव. आलंबन धनी, उद्दीपन चाकर, अशीच ही वाटणी गृहीत धरलेली असते. शकुंतला नसेल तर मालिनीकाठच्या वेलींचं काय करायचं? नाताळपटांनी ही वाटणी उलटी केली. इथे उद्दीपन खुर्चीवर बसलंय आणि नायक-नायिका त्याच्या दिमतीला. बर्फ, दिवे, कोको, जिंजरब्रेडची घरं, झाड निवडायला जाणं, ते गाडीच्या टपावर बांधून आणणं, चौकातल्या झाडाचे दिवे लावण्याचा सोहळा हे सगळं आधी ठरतं. मग त्यातून चालत जायला एक बाई आणि एक पुरुष लागतो, म्हणून ते येतात. तिचं नाव हॉली किंवा नोएल असलं की सजावटीत तेवढीच भर.

हे कसं घडलं ते मालकाकडे पाहिलं की कळतं. हॉलमार्क ही मुळात शुभेच्छापत्रांची कंपनी. १९१० साली जॉइस हॉल नावाचा तरुण बुटांच्या खोक्यांत पोस्टकार्डं भरून कॅन्सस सिटीला आला आणि त्यातून ती उभी राहिली. शुभेच्छापत्र विकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: भावना प्रसंगात आधीच असते, मजकूर फक्त तिला हात देतो. या मंडळींचं दूरचित्रवाणीशी नातंही नाताळातच जुळलं. २४ डिसेंबर १९५१ ला त्यांच्या नावाने पहिला कार्यक्रम झाला तो मेनॉटीचा ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’, खास दूरचित्रवाणीसाठी रचलेला ऑपेरा. तिथून आजच्या नाताळपटांपर्यंतची वाट उताराची आहे असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. स्वतःच्या नावाची वाहिनी २००१ मध्ये आली, २००९ पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ हा खास हंगाम सुरू झाला, आणि २०१९ साली दोन वाहिन्यांवर मिळून चाळीस नवे चित्रपट आले. हंगाम आता ऑक्टोबरातच सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा दिवाळीचा फराळसुद्धा झालेला नसतो.

चाळीस चित्रपट, आणि गोष्ट जवळपास एकच. शहरातली कामात बुडालेली बाई काही कारणाने छोट्या गावी येते, गावातला हाताने काम करणारा भला माणूस तिला भेटतो, दोघांवर मिळून एखादा सोहळा पार पाडायची जबाबदारी पडते, गैरसमज होतो, तो निवळतो आणि शेवटी चुंबन. आता यात पाहायचं काय?

पाहायचा तो विलंब. जाहिरातींसकट दोन तासांच्या जागेत बसणारा हा चित्रपट स्वतः साधारण चौऱ्याऐंशी मिनिटांचा असतो आणि जाहिरातींच्या हिशेबाने त्याचे आठ-नऊ तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकडा अशा जागी तुटायला हवा की प्रेक्षक पाणी प्यायला उठला तरी परत येईल. चुंबन तर शेवटच्या मिनिटांसाठी राखून ठेवलेलं. म्हणजे लेखकापुढे काम असं, की दोन माणसांना सव्वा तास जवळ आणायचं, पण ओठाला ओठ लागू द्यायचा नाही. आणि हिंसा नाही, शय्या नाही, खरा खलनायकही नाही. पूर्वरागाचा, म्हणजे मीलनाआधीच्या प्रेमाचा, एवढा कडक वर्ग दुसरीकडे कुठे भरत असेल असं वाटत नाही. म्हणून जाणकाराची नजर असते ती हुकलेल्या चुंबनावर. ते बहुधा मध्यानंतर येतं. दोघं स्वयंपाकघरात असतात, तिच्या गालाला पीठ लागलेलं असतं, तो ते पुसायला हात पुढे करतो, आणि ओव्हनची घंटी वाजते.

न्यू जर्सीला राहणारी माझी एक मावशी डिसेंबरभर हे चित्रपट लावून ठेवते आणि समोर बसून भाजी निवडते. “आता फोन वाजेल बघ,” ती मान वर न करता म्हणते, आणि वाजतो. एकदा फोनऐवजी कुत्रं मध्ये घुसलं, तेव्हा तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. “हे नवीन हं,” म्हणाली. तिच्याइतका तयार प्रेक्षक मी चित्रपट महोत्सवांतसुद्धा थोडाच पाहिलाय.

एक चित्रपट जरा जवळून पाहू. ‘ख्रिसमस अंडर रॅप्स’, २०१४ चा. कँडेस कॅमेरॉन बुरे यात लॉरेन नावाची कॅलिफोर्नियातली डॉक्टर झाली आहे. बोस्टनची मानाची फेलोशिप हुकते आणि तिला जावं लागतं अलास्कातल्या गारलंड नावाच्या गावी. गारलंड म्हणजे तोरण. बाईला थेट तोरणातच नेऊन टाकलंय. तिथे भेटणारा देखणा, दुरुस्तीची कामं करणारा तरुण अँडी हॉलिडे, आणि गावाचं पोट ज्याच्यावर चालतं तो ‘हॉलिडे शिपिंग’ हा कारखाना त्याच्या वडिलांचा, फ्रँकचा. फ्रँक गोलमटोल आहे, त्याला दाढी आहे आणि डिसेंबरात कामाचा भयंकर ताण आहे. कारखान्यात काय बनतं ते कुणी सांगत नाही. मग डॉक्टरीणबाईंकडे एक रेनडिअर उपचाराला येतं. नाव रुडी.

नऊ वर्षांच्या मुलालाही पहिल्या वीस मिनिटांत कळतं की फ्रँक कोण आहे. लॉरेनला कळत नाही. ती शिकलेली आहे, निदान करणं हा तिचा धंदा आहे, लक्षणं सगळी समोर आहेत आणि निदान काही होत नाही. चित्रपट बराच काळ ते नावसुद्धा घेत नाही, नुसता सुचवत राहतो. अभिधेने, म्हणजे सरळ शब्दांत, बोललं असतं तर ती बालकथा झाली असती. व्यंजनेवर ठेवल्यामुळे प्रेक्षकाला लॉरेनपेक्षा चार पावलं पुढे राहण्याचा आनंद मिळतो, आणि तो आनंद तिला हसण्याचा नाही, तिची वाट पाहण्याचा आहे. दुसरी गंमत अशी की इथे उद्दीपन नुसतं मागे उभं नाही. सजावट, खेळणी, रेनडिअर, सगळा नाताळच कारखाना होऊन गावाचा रोजगार चालवतो. लॉरेन अँडीच्या प्रेमात पडते ती नाताळाच्या निमित्ताने, असं म्हणायची सोय उरत नाही. ती नाताळाच्याच घरात सून म्हणून चालली आहे. फ्रँकचं काम ब्रायन डॉइल-मरे यांनी केलंय. ते ‘हो हो’वर काम भागवत नाहीत. अवेळी तब्येतीची तक्रार निघाल्याने वैतागलेला, कामाची मुदत जवळ आलेला कारखानदार ते रंगवतात, आणि सगळ्या पात्रांत तोच सर्वांत खरा वाटतो.

हा योगायोग नाही. या चित्रपटांत तरुण जोडी गोड असते, पण वजन येतं म्हाताऱ्यांमुळे. ‘द ख्रिसमस कार्ड’ (२००६) मध्ये अफगाणिस्तानातला सैनिक एका अनोळखी मुलीने पाठवलेल्या पत्राचा माग काढत कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीला येतो. मुलीच्या वडिलांच्या भूमिकेत एड अ‍ॅसनर आहेत. त्या कामासाठी त्यांना एमीचं नामांकन मिळालं, आणि ते दयेपोटी दिलेलं नव्हतं. ज्या घरात लेखकाने नुसता गोडवा ओतलाय, तिथे हा माणूस गुरगुरत वावरतो आणि घर राहतं वाटायला लागतं.

आता बर्फाबद्दल. यातले पुष्कळ चित्रपट कॅनडात, विशेषतः ब्रिटिश कोलंबियात, जेमतेम तीन आठवड्यांत उरकतात, आणि डिसेंबरात दाखवायचे म्हणून अनेकदा ऐन उन्हाळ्यात. जमिनीवर पांढरी चादर, झुडपांवर फेस, हवेत कागदाचे कपटे. नट लोकरीच्या कोटांत घामाघूम. सरावलेली नजर चौकटीच्या कडेला जाते: कडाक्याची थंडी आहे म्हणतात, पण बोलताना तोंडातून वाफ निघत नाही, मागच्या टेकडीवरची झाडं हिरवीगार आहेत. आणि ते कॉफीचे कप! उघड रिकामे असतात. वाफाळत्या कोकोचा पेला नायिका अशी हलवत बोलते की आत थेंब असता तर कोट गेला असता. मला हे दोष काढून टाकावेसे वाटत नाहीत. नाटकातला रंगवलेला पडदा आपण जसा चालवून घेतो, तसा हा बर्फ प्रेक्षकाने चालवून घ्यायचा असतो. मग उरतो तो अनुभाव, भावनेची अंगावर उमटणारी खूण: उन्हात उभं राहून थंडीने शहारणं, आणि त्या शहारण्यात किंचित प्रेमाचा शहारा मिसळणं. या चित्रपटांतली नेहमीची नायिका लेसी शबेर हिला हे उत्तम जमतं. खांदे वर, हनुवटी खाली, दोन्ही तळव्यांत कप. रिकाम्या कपाची ऊब तिच्या चेहऱ्यावर दिसते.

सगळंच चालवून घेण्यासारखं मात्र नाही. शहरातली बाई नेहमीच चुकलेली आणि गावातला बाप्या नेहमीच शहाणा, हे दहाव्यांदा पाहिलं की दात आंबतात. लॉरेनला अखेर बोस्टनचं बोलावणं येतं आणि ती गारलंड निवडते. तिने बोस्टन निवडून अँडीला सोबत नेलं असतं तर रेनडिअरांचं काही अडलं नसतं. हे गोड गाव फार काळ गोऱ्या, स्त्री-पुरुष जोडप्यांचंच राहिलं. २०१९ च्या डिसेंबरात दोन नवऱ्या मुलींचं चुंबन दाखवणारी विवाहविषयक जाहिरात वाहिनीने काढून टाकली, गदारोळ झाला आणि काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. २०२२ मध्ये ‘द हॉलिडे सिटर’मध्ये दोन पुरुषांची प्रेमकथा मध्यभागी आली. तिथेही चुंबन तितकंच लांबवलं होतं, हे मला फार आवडलं.

राजवाड्यांचे नाताळपट मला बेताचेच भावतात. ‘क्राउन फॉर ख्रिसमस’, नेटफ्लिक्सचा ‘अ ख्रिसमस प्रिन्स’, हे रोमानियात चित्रित झालेले आणि नकाशावर नसलेल्या राज्यांतले. राजपुत्र म्हटला की भपका त्याचाच होतो, आणि उद्दीपन पुन्हा चाकरीला लागतं. छोट्या गावाच्या चौकातला दिव्यांचा सोहळा कुणाच्याच मालकीचा नसतो.

या सगळ्या कुळाचा थोर पूर्वज म्हणजे एर्न्स्ट ल्युबिचचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०). दुकानात भांडणारी दोघं पत्रांतून नकळत एकमेकांच्याच प्रेमात, आणि उलगडा नाताळच्या आदल्या संध्याकाळी. तिथे आलंबन अजून धनी होतं. आता दुसऱ्या टोकाला येऊ या. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने ‘हॉट फ्रॉस्टी’ आणला. छोट्या गावात उपाहारगृह चालवणारी एक विधवा चौकातल्या बर्फाच्या पुतळ्याला गळपट्टा घालते आणि पुतळा जिवंत होतो: पिळदार, आज्ञाधारक, घरदुरुस्तीत तरबेज. म्हणजे उद्दीपनाने शेवटी आलंबनाची जागाच घेतली. इतकी वर्षं मागे पडून राहिलेला बर्फ नायक म्हणून पुढे आला. विधवेच्या भूमिकेत अर्थात लेसी शबेर. एका प्रसंगात तिच्या दूरचित्रवाणीवर लिंडसे लोहानचा नाताळपट लागतो, आणि ती म्हणते की ही माझ्या शाळेतल्या एका मुलीसारखी दिसते. दोघी २००४ च्या ‘मीन गर्ल्स’मध्ये एका शाळेत होत्या. मावशीला हा विनोद कळला नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं, की गळपट्टा घालताना बाईने हातमोजे का काढले होते.