आरोपीच्या पिंजऱ्यातील मौन : स्वीडिश चित्रत्रयीचा अंतिम चित्रपट आणि मराठी न्यायालयीन नाट्य

गुन्हेगारी कथेला वाङ्मयाच्या दरबारात मानाचे पान क्वचितच मिळाले आहे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. तथापि विद्यापीठीय समीक्षेने त्यांची दखल बहुधा वाचनालयाच्या नोंदवहीपुरतीच घेतली. स्वीडनमध्येही हा वाङ्मयप्रकार दीर्घकाळ करमणुकीच्या खात्यावर जमा होता. पत्रकार स्टिग लार्सन यांच्या तीन कादंबऱ्यांनी तेथील चित्र पालटले. नोव्हेंबर २००४ मध्ये लेखकाचे निधन झाले आणि २००५, २००६ व २००७ या वर्षांत कादंबऱ्या एकापाठोपाठ एक प्रसिद्ध झाल्या. त्यांवर आधारित तिन्ही स्वीडिश चित्रपट २००९ या एकाच वर्षात पडद्यावर आले. त्यांपैकी अखेरचा, 'द गर्ल हू किक्ड द हॉर्नेट्स नेस्ट' या इंग्रजी नावाने जगभर पोहोचलेला चित्रपट, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. न्यायालयात उभ्या राहिलेल्या स्त्रीच्या शब्दाला पुरावा म्हणून काय किंमत असते, या एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने येथे त्याचा विचार केला आहे. हा प्रश्न मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने स्वतंत्रपणे हाताळलेला असल्यामुळे तुलनेला भरपूर वाव आहे.

या चित्रपटाविषयी सर्वसाधारण मत फारसे अनुकूल नाही. नील्स आर्डेन ओप्लेव दिग्दर्शित पहिल्या चित्रपटातील बर्फाच्छादित बेट, चाळीस वर्षांपूर्वी नाहीशी झालेली मुलगी आणि जुन्या छायाचित्रांवरून लागणारा तपास यांची मोहिनी तिसऱ्यात नाही. दिग्दर्शक डॅनियल आल्फ्रेडसन यांची नायिका अर्धाअधिक चित्रपट रुग्णालयाच्या खाटेवर किंवा कोठडीत आहे. पाठलाग कमी आणि कागदपत्रे फार, अशी तक्रार केली जाते. दुसरा व तिसरा भाग मुळात दूरचित्रवाणीसाठी योजिलेला होता, हेही या संथपणाचे कारण म्हणून सांगितले जाते. हे आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहेत. पण त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. नायिकेचे निश्चल पडून राहणे हा येथे कथेचा दोष नसून कथेचा विषय आहे. लिस्बेथ सालांडरवर अन्याय झाला तो मुख्यतः कागदावर. बाराव्या वर्षी वैद्यकीय अहवालाने तिला वेडी ठरविले, न्यायालयाच्या आदेशाने तिचे नागरी हक्क काढून घेतले आणि पालकत्वाच्या कागदाने तिला एका अत्याचारी वकिलाच्या हवाली केले. जो अन्याय कागदाने केला, त्याचे निवारण पिस्तुलाने होत नाही. म्हणून थरारपटाला अखेरीस न्यायालयात यावे लागते.

कथानक थोडक्यात असे. डोक्यात गोळी घुसलेल्या अवस्थेत लिस्बेथला गोथेनबर्गच्या रुग्णालयात आणले जाते. तिचा बाप झालाचेंको हा सोव्हिएत हेरखात्यातून फुटून आलेला मनुष्य. स्वीडिश गुप्तचर यंत्रणेतील एका छुप्या गटाने त्याला वर्षानुवर्षे पाठीशी घातले. आईला मरणप्राय मारहाण करणाऱ्या या बापावर मुलीने पेट्रोल टाकून काडी ओढली, तेव्हा गुपित फुटू नये म्हणून तिला मनोरुग्णालयात टाकण्यात आले. मनोविकारतज्ज्ञ पेटर टेलेबोरियन याने तिला पट्ट्यांनी खाटेला बांधून ठेवले. आता बापाच्या खुनाच्या प्रयत्नाबद्दल तिच्यावर खटला उभा राहतो आणि पुन्हा तोच वैद्य तेच निदान घेऊन न्यायालयात येतो. बचावाला उभी राहते ती पत्रकार ब्लूमक्विस्टची बहीण, अ‍ॅड. आनिका जियानिनी.

पोलिसांच्या चौकशीत लिस्बेथ तोंड उघडत नाही. न्यायालयातही ती मोजकेच बोलते. नूमी रापास या अभिनेत्रीने हे मौन ज्या ताकदीने उभे केले आहे, ते या चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ होय. डोक्यावर तुऱ्यासारखे उभारलेले केस, काळे चामडी कपडे, चेहऱ्यावर टोचलेल्या कड्या अशा वेषात ती न्यायालयात प्रवेश करते. 'सुधारलेली' दिसण्याची संधी तिने जाणूनबुजून नाकारलेली असते. भारतीय प्रेक्षकाला हा प्रसंग विशेष जाणवावा, कारण आपल्या चित्रपटांत न्यायालयात येणारी पीडित स्त्री बहुधा पांढऱ्या साडीत आणि खाली मान घालून येते. सहानुभूती मिळविण्याचा तो गणवेशच आहे. लिस्बेथ मात्र न्यायालयाकडे सहानुभूती मागत नाही. आपली बाजू तिने रुग्णालयात असतानाच लिहून काढलेली आहे. टेलेबोरियन त्या लिखाणाला भ्रमाचा नमुना ठरवितो. बालपणी बांधून ठेवल्याचे सांगितले तर तो भ्रम, पालकाने बलात्कार केल्याचे सांगितले तर तोही भ्रम! वेडाचे निदान एकदा झाले की निदानाविरुद्धची प्रत्येक तक्रार हे वेडाचेच लक्षण ठरते, हा या व्यवस्थेचा सापळा चित्रपटाने अचूक दाखविला आहे.

येथे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकावर १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच, छायाचित्रण गोविंद निहलानींचे आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरील अभिरूप खटल्याचा प्रयोग करण्यासाठी खेड्यात आलेली हौशी मंडळी वेळ घालविण्यासाठी बेणारेवर भ्रूणहत्येचा खोटा खटला चालवितात आणि पाहता पाहता खेळ खरा होतो. दारातून बाहेर पडू पाहणाऱ्या बेणारेला बाहेरून लागलेली कडी अडविते, तेथून पुढे तिला खेळ सोडता येत नाही. या न्यायालयाची रचना पाहण्यासारखी आहे. फिर्यादीचा वकील सुखात्मे हाच आरोपीचाही वकील. न्यायाधीश काशीकर खुर्ची सोडून साक्षीदाराच्या जागी जाऊन साक्ष देतात आणि पुन्हा न्यायासनावर बसतात. गावचा भाबडा सामंत तर स्वतःजवळच्या एका कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. लोकप्रिय कादंबरीतील कल्पित प्रसंग पुरावा म्हणून स्वीकारला जातो, परंतु समोर उभ्या असलेल्या स्त्रीचे म्हणणे नाही! गुन्हेगारी कथेच्या अभ्यासकाने हा प्रसंग विशेष लक्षात ठेवावा असा आहे.

मराठी समीक्षेत बेणारेच्या अखेरच्या स्वगताला बंडाचे, आत्मप्रतिष्ठेच्या उद्गाराचे स्थान दिले जाते. भावार्थाने ते योग्य असले तरी रंगतंत्राकडे पाहता वेगळीच गोष्ट ध्यानात येते. काशीकर तिला निवेदनासाठी दहा सेकंद देतात. स्वगत सुरू होताच इतर पात्रे जागच्या जागी थिजतात आणि स्वगत संपताच दहा सेकंद संपलेले असतात. म्हणजे ती जे बोलते ते केवळ प्रेक्षक ऐकतो. न्यायालयाच्या लेखी आरोपीने काहीच सांगितलेले नाही. बेणारेचे स्वगत हे वस्तुतः मौनच आहे, शब्दांनी भरलेले मौन. त्यानंतर येणारी शिक्षा अशी, की भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालयच तिच्या गर्भाच्या नाशाची आज्ञा देते. लिस्बेथचे मौन डावपेच म्हणून निवडलेले आहे, तर बेणारेच्या वाट्याला ते लादून आलेले आहे. पहिलीच्या मागे वकील, पत्रकार, संगणकतज्ज्ञ मित्र आणि एक सहृदय शल्यचिकित्सक उभे आहेत. बेणारेच्या बाजूने कोणीही नाही आणि ज्याने असायला हवे होते त्या प्रा. दामल्यांची खुर्ची रिकामी आहे. मौन हे शस्त्र व्हायचे तर मौन पाळणाऱ्याच्या वतीने बोलणारे कोणीतरी लागते, हा भेद या तुलनेतून स्पष्ट होतो.

कादंबरीवरून आलेला मराठी रहस्यपट घ्यायचा तर राजा परांजपे दिग्दर्शित 'पाठलाग' (१९६४) हा सर्वांत जवळचा. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारित असून राज खोसला यांनी त्यावरून 'मेरा साया' (१९६६) हा हिंदी चित्रपट केला. पत्नी निवर्तलेल्या एका वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी स्त्री उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. संसारातील खासगी खाणाखुणा ती सांगते, तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. हिंदी आवृत्तीत तर ती मनोरुग्णालयात पोहोचते. जुळ्या बहिणीचा उलगडा होईपर्यंत तिचे सत्य हे नाटकच मानले जाते. करमणुकीसाठी रचलेल्या या कथेतही प्रश्न तोच आहे : ती स्वतः 'मी अमुक आहे' म्हणते, एवढे पुरेसे का नाही?

स्वीडिश चित्रपटाचे यश आणि त्याची मर्यादा दोन्ही याच प्रश्नापाशी आहेत. जियानिनीची उलटतपासणी रंगत जाते आणि निर्णायक क्षणी न्यायालयात एक चित्रफीत दाखविली जाते. पालक ब्यूर्मानने केलेला बलात्कार लिस्बेथने स्वतःच छुप्या कॅमेऱ्याने टिपलेला असतो. सभागृह स्तब्ध होते, टेलेबोरियनची वाचा बसते. प्रेक्षकाला मिळणारे समाधान मोठे आहे, परंतु क्षणभर थांबून विचार केला तर अस्वस्थता वाटू लागते. लिस्बेथने लिहिलेला शब्दन् शब्द खरा होता, तरी ती चित्रफीत नसती तर तिची रवानगी पुन्हा त्याच खाटेकडे झाली असती. चित्रपट न्यायालयाला जिंकवितो, पण न्यायालय तिचे ऐकायला शिकले असे त्यातून दिसत नाही. ज्या स्त्रीजवळ कॅमेरा नव्हता तिचे काय, हे तो विचारीत नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर कटू अनुभवातून ठाऊक आहे. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचे प्रकरण 'मथुरा खटला' म्हणून ओळखले जाते. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती असली पाहिजे, अशा तर्काने सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधिअध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे हे कलम सांगत होते. तिच्या शब्दाला पुराव्याचे वजन देणारी ही तरतूद होती. पीडितेचे चारित्र्य काढून तिची साक्ष खोडण्याची मुभा देणारे १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १५५(४) मात्र २००२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकून होते. बेणारेच्या खटल्यात सुखात्मे जे करतात, ते अतिशयोक्त नव्हते, हे यावरून कळावे.

चित्रपटाची दुसरी मर्यादा खलनायकाच्या रचनेत आहे. टेलेबोरियनच्या संगणकावर लहान मुलांची अश्लील चित्रे सापडतात आणि त्याला भर न्यायालयातून अटक होते. टाळ्या घेणारा हा प्रसंग विचाराच्या दृष्टीने पळवाट ठरतो. खोटा अहवाल देणारा वैद्य विकृतच असला पाहिजे, असे मानले की व्यवस्था सुटते. मुळात त्याचा अपराध असा की, त्याने व्यवस्थेच्या सोयीचे निदान लिहून दिले. कादंबरीत तर रुग्णाची तपासणी करण्याआधीच अहवाल तयार असल्याचे जियानिनी उघड करते, आणि तोच खरा गौप्यस्फोट आहे. असे अहवाल देण्यासाठी कोणी विकृत असावे लागत नाही, आज्ञाधारक असणे पुरते. तेंडुलकर या बाबतीत कितीतरी निर्दय आहेत. त्यांच्या मंडळीत कोणीही राक्षस नाही. अशिलांविना बसलेला वकील, इंटर सायन्स नापास झालेला पोंक्षे, आश्रित रोकडे आणि दुसऱ्यांच्या भानगडीत रस असलेल्या काशीकरबाई अशी ही घरोघरची माणसे आहेत. आपापल्या अपयशाचा वचपा ती एका बाईवर काढतात. अटक करावी असे त्यांत कोणीच नसल्याने प्रेक्षकाला सुटकेचा निःश्वास टाकता येत नाही.

जाता जाता एक नोंद करावीशी वाटते. लार्सन यांची अनेक वर्षांची सहचारिणी एवा गाब्रिएलसन यांच्याशी त्यांचा विवाह झालेला नव्हता आणि वैध मृत्युपत्रही नव्हते. त्यामुळे स्वीडिश कायद्यानुसार वारसा लेखकाच्या वडिलांना व भावाला मिळाला. कागद नसलेल्या स्त्रीची बाजू मांडणाऱ्या कादंबऱ्यांच्या बाबतीतच असे घडावे, ही नियतीची क्रूर थट्टा म्हणावी लागेल.

मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव ज्या छत्रपती संभाजीनगरात एकत्र नांदतात, तेथील विधी व नाट्य शाखांच्या विद्यार्थ्यांपुढे ही दोन न्यायालये शेजारी शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. याच शहरातून पुढे आलेल्या चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'बिनधास्त' (१९९९) मध्ये जवळजवळ केवळ स्त्रीपात्रांचा रहस्यपट उभा केला होता, हेही या संदर्भात स्मरावे.

राहता राहिला शेवट. कादंबरीच्या अखेरीस ब्लूमक्विस्ट दारात येतो आणि लिस्बेथ दार पूर्ण उघडून त्याला पुन्हा आपल्या आयुष्यात घेते. चित्रपटाने हा शेवट बदलला आहे. तो दाराशी येतो, ती आभार मानते, दोघेही क्षणभर अवघडून उभे राहतात आणि तो निघून जातो. कादंबरीच्या वाचकांना हा बदल कोरडा वाटण्याचा संभव आहे. पण ज्या स्त्रीच्या दारांच्या किल्ल्या आयुष्यभर इतरांच्या हाती होत्या, तिच्यासाठी दार कोणाला उघडायचे हे स्वतः ठरविता येणे हाच खटल्याचा खरा निकाल असल्याने, येथे पटकथा कादंबरीपेक्षा सरस ठरली आहे. बेणारेच्या दाराची कडी मात्र शेवटपर्यंत बाहेरच्यांच्याच हाती राहते.